गव्हावाचून घरचे अन्न

भारताच्या फार मोठ्या भागात जेवण म्हणजे पोळी, रोटी किंवा फुलका, हे समीकरण इतके रूढ झाले आहे की, गव्हावाचून चालणाऱ्या स्वयंपाकाची कल्पनाच अनेकांना करवत नाही. तथापि आपल्या देशात लक्षावधी माणसे अशी आहेत की, ज्यांना गव्हाचा एक घासही अपायकारक ठरतो. त्यांना जडलेल्या विकाराचे नाव सीलिअ‍ॅक रोग असे आहे. या रोगावर औषध म्हणून द्यावयाची गोळी नाही आणि तो शस्त्रक्रियेनेही बरा होत नाही. त्यावर उपाय एकच आहे. तो म्हणजे अन्न. रोग्याचा दवाखाना त्याच्या घरच्या चुलीपाशीच असतो असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

गव्हात असे काय आहे की जे काहींना बाधते, ते बाधते म्हणजे शरीरात काय घडते, आणि ते वगळूनही रुचकर, पोटभरीचे व मनाला समाधान देणारे अन्न घरच्या घरी कसे शिजविता येते, या तीन प्रश्नांचा विचार या पुस्तिकेत केला आहे.

१. कणकेतील चिवटपणा

धान्य कोणतेही असो, त्याचे पीठ पाण्यात कालविले की गोळा होतो. परंतु सर्वच गोळे सारखे नसतात. गव्हाची कणीक लाटावी तितकी पातळ होते, ताणली तरी चटकन तुटत नाही आणि तव्यावर टम्म फुगते. ज्वारीच्या पिठाचा गोळा लाटू गेल्यास त्याच्या कडा चिरतात. म्हणून भाकरी हाताने थापावी लागते. हा भेद स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. त्याचे कारण कोणालाही एका सोप्या प्रयोगाने पाहता येईल.

मूठभर मैदा घ्यावा आणि पाणी घालून घट्ट मळावा. गोळा अर्धा तास झाकून ठेवावा. मग पाण्याने भरलेल्या पातेल्यात तो हाताने हळूहळू दाबीत, चोळीत राहावे. पाणी दुधासारखे पांढरे होऊ लागेल. हा पांढरा पदार्थ म्हणजे पिष्ट होय. पाणी दोन-चार वेळा बदलल्यावर ते स्वच्छ राहू लागते, आणि हातात करड्या-पिवळसर रंगाचा, रबरासारखा ताणला जाणारा एक चिवट गोळा उरतो. हेच ग्लुटेन. शंभर ग्रॅम मैद्यातून असा ओला गोळा साधारण पंचवीस ते तीस ग्रॅम निघतो. वाळल्यावर त्याचे वजन दहा ग्रॅमच्या आसपास भरते. हाच प्रयोग ज्वारीच्या किंवा तांदळाच्या पिठावर केल्यास गोळा पाण्यात विरून जातो आणि हातात काहीच उरत नाही.

इटलीतील बोलोन्या येथील बेक्कारी या विद्वानाने गव्हाच्या पिठातून हा पदार्थ वेगळा काढला व १७४५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ग्लुटेन हे एकच द्रव्य नसून मुख्यतः दोन जातींच्या प्रथिनांचे मिश्रण आहे. त्यांपैकी ग्लुटेनिनामुळे कणकेला स्थितिस्थापकता येते, म्हणजे ताणून सोडली असता ती मागे येते. आणि ग्लायडिनामुळे ती न तुटता पसरते. पाणी मिळून मळणी झाली की या प्रथिनांचे लांब रेणू एकमेकांत गुंतून जाळे तयार होते. या जाळ्यात वाफ किंवा वायू अडकला की पोळी फुगते, पाव हलका होतो. जव आणि राय या गव्हाच्या नातलग धान्यांतही याच प्रकारची प्रथिने असतात. त्यांचे जाळे गव्हाइतके बळकट नसते, परंतु सीलिअ‍ॅक रोग्याच्या दृष्टीने तीही गव्हाइतकीच त्याज्य ठरतात.

२. रोगाच्या कारणाचा शोध

या रोगाचे नाव पोटवाचक ग्रीक शब्दावरून पडले आहे. जुनाट अतिसाराने क्षीण होत जाणाऱ्या रोग्यांचे वर्णन कॅपाडोशियाच्या अरिटीअस या प्राचीन वैद्याने केले होते. लंडनमधील बालरोगवैद्य सॅम्युएल गी यांनी १८८७ साली दिलेल्या व पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात या रोगाचे आधुनिक वर्णन केले. हा रोग बरा होणार असेल तर तो आहारानेच होईल, असे त्यांचे मत होते. परंतु कोणत्या आहाराने, हे त्यांना उमगले नाही. त्यांच्या एका बालरोग्याला रोज पुष्कळसे शिंपल्यातील मांस दिले असता तो सुधारला, आणि शिंपल्यांचा हंगाम सरताच पुन्हा खालावला.

न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास यांनी १९२४ साली अशा मुलांना केळ्यांवर ठेवून चांगले गुण आल्याचे प्रसिद्ध केले. त्यांच्या आहारातून पाव, बिस्किटे, बटाटे व सर्व धान्ये वगळलेली होती. मुले सुधारली हे खरे. पण श्रेय मिळाले केळ्याला. वस्तुतः मुलांना जे दिले त्यामुळे नव्हे, तर जे दिले नाही त्यामुळे ती वाचली होती. गुण आला म्हणजे त्याचे कारण सापडले असे नव्हे, हा विज्ञानातील एक महत्त्वाचा धडा या उदाहरणावरून मिळतो.

खरे कारण हॉलंडमध्ये सापडले. हेग येथील मुलांच्या रुग्णालयातील डॉक्टर विलेम कारेल डिके यांना दुसऱ्या महायुद्धापूर्वीच गव्हाविषयी संशय आला होता, आणि गहू वर्ज्य केलेल्या आहाराविषयी त्यांनी १९४१ साली लिहिलेही होते. पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन ताब्यातील पश्चिम हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली. पाव दिसेनासा झाला. लोक बीट आणि ट्युलिपचे कंद खाऊ लागले. सर्वत्र माणसे उपासमारीने खंगत असताना सीलिअ‍ॅक रोगाची मुले मात्र सुधारली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच त्यांचा रोग उलटला. या अनुभवाने डिके यांच्या संशयाला बळकटी आली. त्यांनी मुलांच्या वजनांची व वाढीची टिपणे ठेवून वर्षानुवर्षे निरीक्षण केले आणि १९५० साली आपला प्रबंध सादर केला. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी १९५२ साली गव्हाचे पिष्ट व ग्लुटेन वेगळे करून रोग्यांना दिले. पिष्टाने काही बिघडले नाही. ग्लुटेनाने रोग उलटला. पातेल्यातील पांढरे पाणी निरपराध ठरले, आणि हातात उरलेला चिवट गोळा दोषी ठरला.

३. आतड्यात काय घडते?

लहान आतडे सुमारे सहा मीटर लांबीची नळी आहे. तिच्या आतील अस्तरावर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. एकेका रसांकुराची उंची एक मिलिमीटरपेक्षा अधिक नसते. परंतु त्यांच्या दाटीमुळे अन्नरस शोषून घेणाऱ्या पृष्ठाचे क्षेत्रफळ सुमारे तीस चौरस मीटरपर्यंत वाढते. आपण जेवतो त्यातील पोषक द्रव्ये याच अंकुरांतून रक्तात जातात.

इतर प्रथिनांचे पचन होताना त्यांच्या लांब साखळ्या तुटून सुटे दुवे होतात. ग्लुटेनाच्या साखळीत प्रोलीन व ग्लुटामीन ही अमिनो अम्ले फार असल्याने पाचकरसांना तिचे काही तुकडे तोडता येत नाहीत. हे अर्धवट तुकडे सर्वांच्याच आतड्यात राहतात. बहुतेकांना त्यांचा काही उपद्रव होत नाही. परंतु ज्यांच्या अंगी विशिष्ट आनुवंशिक घटक असतात, त्यांच्यापैकी काहींच्या आतड्यात हे तुकडे अस्तरात शिरतात. तेथील ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे एंझाइम त्यांच्यात थोडा रासायनिक बदल करते, आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना शत्रू समजून चाल करते. या लढाईत आपल्याच आतड्याचे अस्तर जखमी होते. रसांकुर आखूड होत जातात व शेवटी सपाट होतात. मशागत केलेले शेत वाहून जाऊन उघडा खडक राहावा, तशी ही स्थिती होय. पुढे कितीही सकस अन्न खाल्ले तरी ते अंगी लागत नाही.

म्हणून या रोगाची लक्षणे पोटापुरती राहत नाहीत. दूध सुटून वरचे अन्न सुरू झाल्यावर मुलाला वारंवार जुलाब होतात, पोट फुगते, हातपाय काटकुळे होतात, वजन व उंची वाढत नाही, मूल किरकिरे होते. पुष्कळदा जुलाब मुळीच नसतात. केवळ लोहाची औषधे देऊनही न हटणारा पंडुरोग, खुंटलेली उंची, ठिसूळ हाडे किंवा सततचा थकवा एवढेच दिसते. आपल्याकडे अशा मुलाला कुपोषित समजून अधिक पोळी व शिरा भरविला जातो. आणि मायेने दिलेला तोच घास त्याला आणखी खाली ओढतो.

या रोगाचे वैशिष्ट्य असे की, ग्लुटेन पूर्णपणे बंद केल्यावर बहुतेकांचे अस्तर पुन्हा भरून येते. जुलाब काही आठवड्यांत थांबतात. रसांकुर उगवावयास काही महिने, प्रौढांत कधी काही वर्षेही लागतात. मात्र मूळ प्रवृत्ती जात नाही. त्यामुळे पथ्य जन्मभर पाळावे लागते.

४. भारतातील स्थिती आणि निदान

हा रोग केवळ युरोपियनांचा, अशी समजूत दीर्घकाळ होती. उत्तर भारतातील मुलांमधील सीलिअ‍ॅक रोगाचे वर्णन १९६६ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात भारतीय डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील तेवीस हजारांहून अधिक प्रौढांच्या तपासणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. या रोगाची निदर्शक प्रतिपिंडे उत्तरेत शंभरांत सुमारे सव्वा जणांच्या, तर दक्षिणेत हजारांत एकाच्या रक्तात आढळली. आनुवंशिक घटकांचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच होते. मोठा फरक होता तो गहू खाण्याच्या प्रमाणात. बीज सर्वत्र आहे, पण गव्हाचे खत जेथे अधिक तेथे रोग अधिक दिसतो, असा याचा अर्थ लावता येतो.

निदानासाठी प्रथम रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करतात, आणि नंतर बहुधा दुर्बिणीच्या साहाय्याने लहान आतड्याच्या अस्तराचे बारीक नमुने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. येथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तपासणी पूर्ण होण्यापूर्वी आपल्या मनानेच गहू सोडू नये. गहू सोडल्यावर प्रतिपिंडे कमी होतात, अस्तर सुधारू लागते, आणि रोग असूनही तपासणीत तो सापडत नाही. रोग निश्चित झाल्यावर रोग्याच्या आईवडिलांची, भावंडांची व मुलांचीही तपासणी करून घेणे हिताचे असते, कारण हा विकार कुटुंबात आढळण्याचा संभव अधिक असतो. उलटपक्षी, ज्यांना हा किंवा गव्हाशी संबंधित दुसरा विकार नाही, त्यांनी गहू सोडल्याने विशेष लाभ होतो असे दिसत नाही.

५. ग्लुटेनाचे काम दुसऱ्याकडून

आता स्वयंपाकाकडे वळू. ग्लुटेन वगळले म्हणजे पीठ बांधून ठेवणारे जाळेच नाहीसे झाले. त्याचे काम दुसऱ्या कोणाकडून तरी करून घेतले पाहिजे. आपल्या देशातील जुन्या पाककृती तपासून पाहिल्यास ही युक्ती पूर्वजांना अनुभवाने साधली होती असे दिसते.

पहिली युक्ती उकडीची. पिष्टाचे कण थंड पाण्यात तसेच पडून राहतात. परंतु पाणी साधारण सत्तर अंशांपलीकडे तापले की ते पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि चिकट होतात. ही चिकी उरलेले पीठ बांधून ठेवते. तांदळाची भाकरी करताना एक वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून उकळावे, त्यात एक वाटी पीठ एकदम घालून ढवळावे, झाकण ठेवून मंद आचेवर वाफ आणावी आणि उकड गरम असतानाच पाण्याच्या हाताने खूप मळावी. असा गोळा लाटताही येतो. उकडीचे मोदक, केरळातील इडिअप्पम, कर्नाटकातील नाचणीचे मुद्दे ही सारी याच तत्त्वाची अपत्ये आहेत. पंजाबात मक्याची रोटी करताना पीठ कोमट-गरम पाण्याने मळतात, तेही याचसाठी. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवितात. त्यामुळे वरच्या थरातील पिष्ट ओलसर राहून शिजते, त्याचा पापुद्रा बनतो, आणि आतली वाफ अडून भाकरी फुगते.

दुसरी युक्ती उडदाची. इडलीचे पीठ आंबताना त्यातील सूक्ष्मजीव वायू सोडतात. तांदूळ एकटा हा वायू धरून ठेवू शकत नाही. वाटलेल्या उडदातील प्रथिने आणि बुळबुळीत शर्करायुक्त द्रव्ये मिळून ते काम करतात. पाव जसा ग्लुटेनाच्या जाळ्यामुळे हलका होतो, तशी इडली उडदाच्या बुळबुळीतपणामुळे हलकी होते.

तिसरी युक्ती अलीकडच्या काळात प्रचारात आली आहे. इसबगोलाची भुशी पाण्यात भिजली की तिचा लगदा होतो. ज्वारी, तांदूळ किंवा मिश्र पिठाच्या एका वाटीस लहान चमचाभर भुशी घालून गरम पाण्याने मळल्यास गोळ्याला ताण येतो आणि फुलक्यासारखी पातळ पोळी लाटता येते. गव्हाच्या पोळीची सवय असलेल्या घरांत, आणि विशेषतः डब्यात मऊ पोळी हवी असणाऱ्या मुलांसाठी, ही युक्ती फार उपयोगी पडते.

६. समाधान देणारे अन्न

प्रत्येक घरात काही पदार्थ असे असतात की, जे केवळ भूक भागवीत नाहीत तर मनालाही धीर देतात. आजारपणातून उठल्यावर, पावसात भिजून आल्यावर, परगावाहून दमून परतल्यावर तेच हवेसे वाटतात. पथ्याचा विचार मनात येताच रोग्याला वाटते की, आता हे सर्व सुटले. वस्तुतः यांपैकी पुष्कळ पदार्थांत ग्लुटेनाचा लवलेशही नसतो. महाराष्ट्राचा वरणभात आणि मुगाची खिचडी, तमिळनाडूचा पोंगल व दहीभात, केरळची कांजी, तुळुनाडूचा नीर डोसा, गोव्यातील सान्ना, कोकणातील घावन, राजस्थान-गुजरातमधील बाजरीचा रोटला, पंजाबातील मक्याची रोटी व सरसोंचे साग, गढवाल-कुमाऊंमधील मंडुव्याची म्हणजेच नाचणीची रोटी, आसामातील तांदळाचे पिठे हे सर्व मुळातच ग्लुटेनविरहित आहेत. आसामातील बोरा जातीचा तांदूळ शिजल्यावर फार चिकट होतो. तो चिकटपणा पिष्टाचा असून त्याचा ग्लुटेनाशी काही संबंध नाही.

उपवासाचे पदार्थही येथे उपयोगी पडतात. वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा आणि उत्तरेतील कुट्टू यांत ग्लुटेन नाही. जो पदार्थ एकादशीपुरता मानला जातो, तो रोजच्या जेवणातही घेता येतो. राजगिऱ्याच्या पिठाची पुरी, वरीचे तांदूळ व दाण्याची आमटी ही पूर्ण जेवणे आहेत.

तथापि नावावर विसंबून चालणार नाही. इडली निर्धोक; पण रव्याची इडली नव्हे. डोसा निर्धोक, पण रवा डोसा नव्हे. रवा, मैदा, दलिया, शेवया हे सारे गव्हाचेच अवतार आहेत. खपली गहू पचावयास हलका म्हणून प्रसिद्ध असला तरी त्यात ग्लुटेन आहे. महाराष्ट्रातील सातूच्या पिठात बहुधा भाजलेले गहू असतात. बिहारचा सत्तू पुष्कळदा केवळ हरभऱ्याचा असतो, परंतु त्यात जवही मिसळतात. थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरी गहू घालतात. ते वगळून ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा व उडीद यांची भाजणी केल्यास चवीत उणेपणा येत नाही.

७. किती थोडे म्हणजे फार?

पुष्कळांचा समज असा असतो की, थोडेसे खाल्ल्याने काय होणार? या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनी देता येते. एका मध्यम पोळीला तीस ग्रॅम कणीक लागते असे धरल्यास तिच्यात सुमारे तीन ग्रॅम, म्हणजे तीन हजार मिलिग्रॅम ग्लुटेन असते. रोज पन्नास मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्याने रोग्यांच्या आतड्याच्या अस्तराला इजा होते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर प्रयोगात दिसून आले. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे त्या पोळीचा साठावा हिस्सा; ताटात सांडलेला चुराच म्हणाना! म्हणूनच आंतरराष्ट्रीय संकेतानुसार आणि भारतातील अन्नसुरक्षा नियमांनुसार ज्या पदार्थाच्या एका किलोग्रॅममध्ये वीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नाही, त्यालाच ग्लुटेनविरहित म्हणता येते. शिजविल्याने, तळल्याने किंवा भाजल्याने ग्लुटेन निरुपद्रवी होत नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

यावरून स्वयंपाकघरातील दक्षतेचे नियम आपोआप निघतात. पहिला धोका पिठाच्या गिरणीत असतो. ज्या जात्यावर दिवसभर गहू दळला जातो, त्याच्यावर लगोलग दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ येणारच. म्हणून धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरीच लहान यंत्रावर दळावे हे उत्तम. ज्वारी-बाजरीत गव्हाचे दाणे मिसळलेले असतात, ते निवडून काढावेत. विकतच्या पिठावर ग्लुटेनविरहित असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे की नाही हे पाहावे.

दुसरा धोका हिंगाचा. बाजारात मिळणारा बांधानी हिंग म्हणजे शुद्ध हिंग नव्हे. तीव्र हिंगात डिंक व पीठ मिसळून तो करतात, आणि हे पीठ बहुधा मैद्याचे असते. याच कारणाने निरुपद्रवी वरणाची फोडणीही बाधू शकते. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो घ्यावा. नाहीतर हिंगावाचून फोडणी करावी. सोया सॉस, माल्ट घातलेली पेये, काही तयार मसाले व चटण्या यांच्या वेष्टनावरील घटकांची यादी वाचण्याची सवय लावावी. ओट हे धान्य शुद्ध स्वरूपात बहुतेकांना सोसते. परंतु त्यात गव्हाची भेसळ सहज होते, म्हणून वैद्याच्या सल्ल्यावाचून ते घेऊ नये.

तिसरा धोका भांड्यांचा. लाकडी पोळपाट-लाटण्याच्या भेगांत, चाळणीच्या जाळीत व काठवटीत पीठ अडकून राहते. या तीन वस्तू रोग्यासाठी वेगळ्या असाव्यात. धातूची भांडी साबणाने नीट घासली तर चालतात. ज्या तेलात पुऱ्या तळल्या, त्यात त्याच्यासाठी पापड तळू नयेत. घरात गहू शिजत असेल तर रोग्याचा स्वयंपाक आधी करावा आणि झाकून ठेवावा, म्हणजे हवेत उडालेले पीठ त्यावर बसणार नाही. शक्य असल्यास संपूर्ण घराचे निदान एक वेळचे जेवण गव्हावाचून असावे. त्यामुळे श्रम वाचतात, आणि रोग्याचे ताट निराळे राहत नाही.

८. केवळ वगळणे पुरेसे नाही

गहू सोडून केवळ पांढरा भात व बटाटे यांवर राहिल्यास पोट भरते, परंतु शरीराची तूट भरून निघत नाही. रोगामुळे लोह, कॅल्शियम, फॉलिक अम्ल व ड जीवनसत्त्व यांची उणीव आधीच झालेली असते. अशा वेळी भरड धान्ये फार उपयोगी पडतात. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गव्हाच्या पिठात त्याच्या दशांशच. बाजरीत लोह, राजगिऱ्यात प्रथिने व खनिजे विपुल असतात. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. एके काळी गरिबांची मानली गेलेली ही धान्ये त्यानिमित्ताने पुन्हा लोकांच्या नजरेत आली. डाळी, दूध-दही, अंडी, मासे, पालेभाज्या व फळे यांवर तर कसलेच बंधन नाही. बाजारातील महागड्या ग्लुटेनविरहित बिस्किटांवाचून या रोग्याचे काही अडत नाही. ज्वारी, तांदूळ आणि डाळ ज्या घरात आहे, त्या घरात औषध आहे.

९. पंक्तीतील माणूस

या पथ्याचा सर्वांत कठीण भाग चुलीपाशी नसून पंक्तीत असतो. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा, गुरुद्वारातील कडाह प्रसाद कणकेचा, वाढदिवसाचा केक मैद्याचा. प्रसाद नाकारणे अनेकांच्या जिवावर येते, आणि चमचाभर घेण्याचा आग्रह करणाऱ्याला आपण अपाय करीत आहोत याची कल्पना नसते. शाळेत डब्यांची देवघेव होते, मध्यान्ह भोजनात पोळी वाढली जाते. सर्वांहून वेगळे दिसण्याच्या भीतीने मूल गुपचूप खाते आणि पुढे आजारी पडते. पौगंडावस्थेतील मुले तर बरे वाटू लागताच पथ्य सोडतात. बाहेरून काही दिसत नसले तरी अस्तराची झीज पुन्हा सुरू झालेली असते.

ही अडचण केवळ रोग्याच्या निश्चयाने सुटणारी नाही. भोवतालच्या माणसांनी जाणून घेतले तरच ती सुटते. वर्गात असे मूल असल्यास शिक्षकांनी त्याच्या पथ्याची माहिती इतर मुलांना साध्या शब्दांत द्यावी. घरी पूजा असेल तर रव्याऐवजी वरीचा किंवा राजगिऱ्याचा शिरा सर्वांसाठीच करता येतो. दिवाळीत शंकरपाळ्यांबरोबर तांदळाचे अनारसे व बेसनाचे लाडू असतातच. पीठ शुद्ध असल्याची खात्री तेवढी करून घ्यावी. पाहुण्याला पोळीचा आग्रह करण्यापूर्वी, त्याला ती चालते का, हे विचारणे हाही आदरातिथ्याचाच भाग होय.

पातेल्यातील पाण्यात मैदा धुण्याचा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत अवश्य करून पाहावा. तो अर्ध्या-पाऊण तासाचा खेळ असला, तरी त्यातून एका रोगाचे कारण हाताला प्रत्यक्ष लागते. ज्या मुलांनी तो चिवट गोळा एकदा ताणून पाहिला आहे, ती आपल्या शेजारी बसणाऱ्या मित्राला एकच घास खाऊन पाहण्याचा आग्रह सहसा करणार नाहीत.